गल्लीतून आलेला अंक

शाळेनं मला सातवीत सोडलं आणि पुढची सगळी वर्षं मी विद्यापीठात काढली. असं म्हटलं की नवखा माणूस क्षणभर आदरानं बघतो. मग मी सांगतो, ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं काढून द्यायचो हो. तोवर त्यानं मला एकदा तरी 'सर' म्हटलेलं असतं, आणि ते मी काही परत करत नाही.

ऐकायचंच आहे तर नीट बसा. दिवा जरा इकडे सरकवा, मला तुमची तोंडं दिसली पाहिजेत. माणसांना घाबरवण्यात माझी हयात गेली. मागून हळूच जाऊन कानाशी शिंकायचं, ग्रंथपाल बाईंच्या खुर्चीला 'मोडकी आहे, बसू नये' अशी पाटी लावायची, पीएच.डी.च्या पोरांना सांगायचं की तुमचा विषय कालच एकानं पुरा केला. त्यामुळे आता मी जे सांगणार आहे ते कुणी खरं मानत नाही. तुम्हीही नका मानू. फक्त मधे बोलू नका.

तळघरात आमची जुनी नियतकालिकं. वर्षावर्षाचे अंक एकत्र शिवून जाड पुठ्ठ्यात बांधलेले. जागा थोडी, म्हणून कपाटं रुळांवर बसवलेली. छताला टेकतील अशी लोखंडी कपाटं एकमेकांना चिकटून उभी, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी मोटारीच्या स्टिअरिंगएवढं चाक. चाक फिरवलं की कपाट सरकायचं आणि दोन कपाटांमध्ये गल्ली उघडायची. पण मोकळी जागा एकाच गल्लीपुरती. एक उघडायची तर दुसरी मिटवायची. आता मिटणाऱ्या गल्लीत कुणी अंक चाळत उभं असेल तर त्याचं काय होईल ते तुम्हीच बघा. आमच्याकडे तसं कुणी गेलं नाही, एका प्राध्यापकांची छत्री तेवढी चपटी झाली. पण तेव्हापासून रिवाज पडला. चाकाला हात लावण्याआधी कपाटावर टकटक करायची, 'आत कोणी?' विचारायचं आणि थांबायचं. आतून 'आहे' असं आलं की चाक सोडून द्यायचं. कोण आहे, कशाला आहे, आणखी किती वेळ आहे, काही विचारायचं नाही. 'आहे' म्हटलं की आहे.

त्या दिवशी दुपारी माझी भाची आली. अंगानं इतकीशी आणि पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग, म्हणून मी तिला मुंगी म्हणायचो. आमच्याच विद्यापीठात तिचं संशोधन चाललं होतं. चेहरा बघूनच कळलं, आज थट्टा नको. तरी मी केलीच.

"काय गं, वारूळ फुटलं का?"

"मामा, आज नको." ती माझ्या स्टुलावर बसली. "सर म्हणतात, तो लेख मी रचलाय."

झालं होतं असं. परिचारिकांनी मिळून चालवलेलं एक जुनं त्रैमासिक होतं. त्यातल्या एका लेखावर मुंगीनं प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभारलं होतं. ते अंक वरच्या मजल्यावर असताना तिनं तो लेख वाचला, हातानं उतरवून घेतला, आणि मग ती सगळी बांधणी तळघरात आली. आता कॉम्प्युटरवर त्या त्रैमासिकाची नोंद त्या लेखाच्या एक वर्ष आधीच संपत होती. लेखाखाली नावही नाही, नुसतं 'एक परिचारिका'. सरांनी दुसऱ्या कुणाला शोधायला लावलं, त्याला मिळालं नाही. सर म्हणाले, पाच वाजेपर्यंत मूळ पान दाखव. नाही तर प्रकरण जाईल, आणि खोटे संदर्भ दिल्याचं मला वर कळवावं लागेल.

"म्हणजे सगळंच गेलं, मामा. पाच वर्षं."

"अगं, असेल खालीच. कॉम्प्युटरला काय कळतंय? त्याला तर मीही हुशार वाटतो."

ती हसली नाही. मी किल्ल्या घेतल्या.

तळघराला खिडकी नाही. बाहेर दुपार असो, संध्याकाळ असो, खाली एकच वेळ. ट्यूबलाइट चालू होताना आधी किणकिणतात, मग एकेक करून लागतात. जुन्या कागदाचा वास, त्याच्याखाली गंजाचा, त्याच्याखाली आणखी कसला तरी गोडसर. तो वास आमच्या बांधणीवाल्याच्या खळीचा असतो असं मी समजून चाललो होतो. त्याला आम्ही खळ्या म्हणायचो. आयुष्यभर पुठ्ठ्यांना खळ लावून त्याची बोटंही एकमेकांना चिकटायची.

परिचारिकांचं त्रैमासिक अगदी भिंतीकडच्या कपाटात. ती गल्ली मिटलेली होती, तिच्या शेजारची उघडी. म्हणजे शेजारची मिटवली की काम झालं. मी कपाटावर टकटक केली.

"आत कोणी?"

"आहे."

बाईचा आवाज होता. सौम्य, कामात असलेल्या माणसाचा. मी चाक सोडलं.

"कुणीतरी वाचतंय," मुंगी म्हणाली.

"तळघराची किल्ली माझ्या हातात आहे, पोरी. वाचायला कोण कुठून येणार?" मला मनातून हसूच आलं. हा खळ्याचा उद्योग. आदल्या आठवड्यात मी त्याच्या खळीच्या डब्यात मीठ घातलं होतं, त्याची ही परतफेड. आवाज बदलायला बरा शिकला की. मी गल्लीत शिरलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. खालच्या फळ्या वाकून बघितल्या, वरच्या उंच होऊन. कुणी नव्हतं. गोडसर वास तेवढा तिथे दाट होता, आणि हवा कोमट. कोणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

बाहेर येऊन मी पुन्हा टकटक केली.

"आत कोणी?"

"आहे."

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि खळ्या खाली आला. हातात कुंचला, तोंडात चहाचा शेवटचा घोट.

"मला हाक मारलीस का रे?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं, मग गल्लीकडे. मग तिसऱ्यांदा विचारायचं माझ्या जिभेवर आलं, ते मी गिळलं. खळ्यानंच विचारलं, सवयीनं, कुंचल्याच्या दांड्यानं कपाट वाजवून. तेच उत्तर आलं. तोच सौम्य आवाज, जराही वैतागलेला नाही.

खळ्यानं कुंचला खाली ठेवला. "आहे म्हटलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "फिरवायचं नाही."

"आत कुणी नाहीये. मी बघून आलो."

"बघून आलास तरी. म्हटलंय ना."

मुंगीला वाटलं, आम्ही दोघं मिळून तिची फिरकी घेतोय. तिचा तरी काय दोष? तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी तिला रिकामं खोकं दिलं होतं. "मामा," ती म्हणाली, "तू सगळ्यांशी कर हे. आज माझ्याशी नको करूस. पाया पडते."

तिचे डोळे भरले होते. मी चाक धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाशी तरी मनापासून अदबीनं बोललो. कपाटाला तोंड लावून म्हटलं, "बाई, पोरीचं काम अडलंय. जरा सरकून घ्याल का?"

उत्तर आलं नाही. चाक फिरलं. कपाट रुळावरून करकरत निघालं, भिंतीकडची गल्ली उघडू लागली... आणि मग थांबलं. रुळात खडा अडकला की झटका बसतो, तसा बसला नाही. कुणी पाठ टेकवून उभं राहावं तसं ते मऊपणे थांबलं. शेजारची गल्ली पुरती मिटली नव्हती. एक माणूस आडवं उभं राहील एवढी फट तिथे उरली. आणि इकडे भिंतीकडे, मुंगी आडवी होऊन शिरेल एवढी.

"मी जाते," ती म्हणाली.

"थांब जरा."

पण तिनं बॅग टाकली होती. आत शिरलीसुद्धा. तिथे ट्यूबचा उजेड पोचत नव्हता, ती मोबाइलची बॅटरी लावून एकेका बांधणीचा कणा वाचत पुढे सरकत गेली. उजेडाचा ठिपका दूर जात राहिला. मी दोन्ही हातांनी चाक धरून उभा. खळ्यानं माझ्या हातांवर हात ठेवले. लोखंड गार असायला हवं होतं. ते अगदी हळू, इतकंसं पुढे यायचं... आणि परत जायचं. पुढे... परत. झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवला की असं लागतं.

"सोडू नकोस," खळ्या पुटपुटला.

"सोडतोय कोण."

मग ठिपका दिसेनासा झाला.

"मुंगे," मी म्हटलं. आवाज माझाच वाटेना. "आहेस ना गं...?"

"आहे."

"आहे, मामा."

दोन उत्तरं. तुम्ही म्हणाल, तळघर आहे, आवाज घुमला असेल. मीही तेच म्हटलं असतं. पण घुमलेला आवाज नंतर येतो. हा आधी आला होता.

खळ्या माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे बघत नव्हतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. आत पुठ्ठ्याला पुठ्ठा घासल्याचा आवाज झाला, आणि मग मुंगी आडव्या पावलांनी बाहेर आली. छातीशी जाडजूड बांधणी, केसांत कोळ्याची जाळी, आणि चेहरा उजळलेला.

"मिळाला," ती म्हणाली. "अगदी वरच्या फळीवर होता, माझा हातच पुरेना. बरं झालं तू पलीकडून पुढे ढकललास."

आमचे चारही हात चाकावर होते. खळ्यानं ते बघितले.

"मग? मामा कशाला असतो?" मी म्हटलं. आम्ही चाक सोडलं आणि वर आलो. दिवे मी बंद केले नाहीत.

लेख होता. वर्ष होतं, अंक होता, खाली 'एक परिचारिका' होतं. मुंगीनं पहिल्या ओळी वाचून दाखवल्या. शेवटच्या घटका मोजणाऱ्या रुग्णाचा हात कसा धरावा, यावर होता लेख. त्या बाईनं लिहिलं होतं की हात एकदा हातात घेतला की आपण आधी सोडायचा नाही. तो सोडेल तेव्हाच.

बांधणी सरांना दाखवून लगेच परत ठेवावी लागणार होती, म्हणून प्रबंधाला जोडायची प्रत काढायला दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. मुंगीनं बांधणी काचेवर पालथी घातली आणि दोन्ही बाजूंनी पुठ्ठा दाबून धरला. प्रकाश सरकला. कागद बाहेर आला.

"बोटं आलीत," झेरॉक्सवाला म्हणाला. "हात काढा ताई."

पानाच्या आतल्या कडेला, शिवणीपाशी, तीन बोटांची टोकं उमटली होती. काळपट, जराशी वाकलेली. मुंगीनं आपले हात बघितले. "मी तर बाहेरून धरलं होतं."

"पुन्हा काढू," तो म्हणाला आणि काढलं. दुसऱ्या कागदावर बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आली होती. मी मान वाकडी करून नीट बघितलं. बाहेरून आत शिरलेल्या बोटांची नखं शिवणीकडे असायला हवीत. यांची नखं बाहेरच्या बाजूला होती.

झेरॉक्सवाला तिसरी काढायला निघाला तेव्हा मी मशीनचं बटणच बंद केलं. "मशीन तापलंय तुझं," मी म्हटलं. "पहिलीच चालेल."

पाच वाजायच्या आत आम्ही सरांच्या खोलीत होतो. सरांनी बांधणी बघितली, अंक बघितला. मग म्हणाले, "मी चुकलो. प्रकरण राहू दे." मुंगी खुर्चीचा हात धरून उभी राहिली. सरांनी झेरॉक्स उचलली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पानावरून बोटं तरी काढायची होतीत, मामा."

"राहिलं, सर," मी म्हटलं.

बांधणी ठेवायला खळ्या आणि मी गेलो. रिवाजाप्रमाणे टकटक केली, विचारलं, थांबलो. काही आलं नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. कपाट एका बोटानं सरकलं, दोन्ही कपाटं खाडकन चिकटली, आणि वासही नव्हता. खळ्या म्हणाला, "गेली वाटतं."

"कुठे?" मी विचारलं. त्यालाही तेच विचारायचं असावं.

मुंगीला पदवी मिळाली. प्रबंधाच्या सगळ्या प्रतींना पुरावा म्हणून ते पान लागलं, बोटांच्या टोकांचं. पुढे मी निवृत्त झालो. एकदा वाटेत सर भेटले आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले. कपाटातून आपली प्रत काढून त्यांनी ते पान उघडलं. मनगटापर्यंत हात आला होता. मनगटाशी बाहीची कड, तिच्यावर बारीकसं बटण. अर्धा मजकूर त्याखाली झाकला होता.

"पान कधी बदललंत तुम्ही?" सरांनी विचारलं. ते हसत होते, पण मी काय सांगतो याकडे त्यांचं फार लक्ष होतं. "तुमचाच उद्योग ना हा, मामा?"

"माझाच, सर," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला सुचणार?"

त्यांचा जीव भांड्यात पडला. चहा पाजला त्यांनी मला.

मुंगी आता दुसरीकडे शिकवते. तिची प्रत ती उशाशी ठेवते, एवढ्या कष्टाची वस्तू म्हणून. मागच्या खेपेला आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ते पान बघितलंस का गं अलीकडे?

"नाही रे," ती म्हणाली. "ते पुस्तक उघडतच नाही हल्ली. बांधणीवाल्याची खळ जास्त झाली असेल. ओढलं ना, तर आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं."