साडेसोळा सेंटिमीटरवरचा डाग

"हे बघा! पाचवं पुस्तक! आता तरी डोळे उघडा!"

इमारतीच्या व्यवस्थापकांनी पुस्तक काउंटरवर असं आपटलं, की तिथल्या पाणी पिणाऱ्या काचेच्या पक्ष्यानं वेळेच्या आधीच ग्लासात चोच बुडवली. भिंगरीला फिस्सकन हसू आलं. मोजपट्टीनं भावाच्या पायावर पाय दिला.

मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण तेरा वर्षांची ही मुलगी खिशात तीन मीटरची गुंडाळता येणारी पट्टी घेऊन फिरायची आणि दिसेल ते मोजायची, त्यामुळे खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. दहा वर्षांचा भिंगरी एका जागी तीन मिनिटंही टिकायचा नाही. आणि मामाचा मुलगा रेडिओ, वय वर्षं बारा, झोपेतसुद्धा बोलायचा. सुट्टी लागली की तिघांचा मुक्काम मामाच्या दुकानात.

दुकानही असं, की आत गेलेला माणूस लवकर बाहेर यायचा नाही. उजेड पडला की गरगरणारी काचेतली चक्की, बोट लावलं की जांभळी वीज खेळवणारा गोल, दोरीवर तोल सांभाळणारा भोवरा आणि डोकं गरगरवणारी पुस्तकं! एक पुस्तक तर शेवटून सुरुवातीकडे वाचायचं होतं.

पण आज त्या पुस्तकांवरूनच रामायण चाललं होतं.

"जिन्यात रोज सकाळी जळका वास येतो," व्यवस्थापक म्हणाले. "आणि रोज तुमच्या कारागिराच्या टेबलावर एक भाजलेलं पुस्तक सापडतं. सकाळी सातला दुकानात कोण असतं? तोच! हातात तापलेली सळई कोणाच्या असते? त्याच्याच! इमारतीला आग लागेपर्यंत थांबायचं का? उद्या दुपारी बारापर्यंत त्याचं टेबल इथून हललं पाहिजे. नाहीतर दुकान बंद!"

मामानं मान खाली घातली. मग मागच्या खोलीच्या दाराकडे न बघता म्हणाला, "काका... किल्ली देता का?"

दारात स्क्रूकाका उभे होते. एका डोळ्यावर भिंग, खिशात चार पेचकस, हातात धातूचे सांधे जोडायची सळई. अठरा वर्षं या दुकानातली प्रत्येक बिघडलेली वस्तू त्यांच्या हातून बरी होऊन गेली होती. सकाळच्या शांततेत काम चांगलं होतं म्हणून ते एकटेच सातला यायचे, मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि दहाला दुकान उघडेपर्यंत मान वर करायचे नाहीत. मोजपट्टीला मिलिमीटरचाही अर्धा भाग वाचायला त्यांनीच शिकवलं होतं.

काकांनी किल्ली काउंटरवर ठेवली. "मी जाळलेलं नाही," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन एकेक हत्यार कापडात गुंडाळायला लागले.

मोजपट्टीनं रेडिओ आणि भिंगरीला कोपऱ्यात ओढलं.

"बाबा काही बोलत का नाही?" रेडिओ फणफणला. "मी जाऊन सांगतो त्या व्यवस्थापकांना, की..."

"काय सांगणार? काका चांगले आहेत म्हणून?" मोजपट्टी म्हणाली. "ते त्यांना पटणार नाही. ती पाचही पुस्तकं आण."

पाच पुस्तकं जमिनीवर मांडली. प्रत्येकाच्या पुढच्या पुठ्ठ्यावर बोटभर लांबीची तपकिरी रेघ, वरून खाली जराशी तिरकी. मोजपट्टीनं पट्टी काढली.

"झालं सुरू!" भिंगरी म्हणाला. "ताई, डाग मोजून काय होणार?"

"गप्प बस आणि लिही. पहिलं पुस्तक. खालच्या कडेपासून रेघेच्या वरच्या टोकापर्यंत... साडेसोळा सेंटिमीटर. दुसरं... साडेसोळा. तिसरं..." तिचा आवाज बारीक झाला. "साडेसोळा!"

चौथं, पाचवंही तेवढंच. एक पुस्तक उंच, एक बुटकं, एक चौकोनी. पण डाग मात्र सगळीकडे एकाच उंचीवर!

"काकांचा हात इतका नेमका असेल," रेडिओनं शंका काढली.

"चल, काकांना सळईचा एक डाग पाडून दाखवायला सांगू."

काकांनी काही न विचारता सळई तापवली आणि एका जुन्या पुठ्ठ्याला टेकवली. चर्र झालं. काळाकुट्ट, गोल, खोल खड्डा पडला. पुस्तकांवरची रेघ मात्र केसासारखी बारीक सुरू होऊन खाली फिकट होत गेली होती.

"हे सळईचं काम नाहीच!" रेडिओ ओरडला.

"हळू! काका, पुस्तकं तुमच्या टेबलावर येतात कशी?"

"तुझा मामा आणतो. प्लास्टिकचं वेष्टण घालायला," काका म्हणाले. "रोज संध्याकाळी दर्शनी कपाटातलं 'आजचं पुस्तक' काढतो, माझ्या टेबलावर ठेवतो आणि तिथे दुसरं लावतो. दिवसभर बडबडून इतका दमलेला असतो, की हातातलं पुस्तक बघतही नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दर्शनी कपाटाकडे धाव घेतली.

रस्त्याच्या बाजूला मोठी काच होती. तिला शटर नव्हतं, कारण दुकान बंद असतानाही लोकांनी थांबून बघावं असा मामाचा हट्ट. त्या काचेमागे गेल्या शुक्रवारपासून मामाची नवी करामत मांडलेली होती: लाकडी बैठकीवर ठेवलेला भोपळ्याएवढा, दहा किलोचा भरीव काचेचा गोळा, आणि त्याच्या मागे तीन बोटांच्या अंतरावर उभं केलेलं आजचं पुस्तक. रस्त्यावरून गोळ्यात डोकावलं, की पुस्तकाच्या नावातलं एकेक अक्षर हत्तीएवढं दिसायचं!

"आत्ताचं पुस्तक कालच्या संध्याकाळपासून इथे आहे," मोजपट्टी म्हणाली. "काकांच्या टेबलावर ते अजून गेलेलंच नाही. माझं बरोबर असेल तर..."

तिनं गोळ्यामागे हात घालून पुस्तक अलगद ओढलं. साडेसोळा सेंटिमीटरवर ताजी तपकिरी रेघ! तिला अजून जळका वास येत होता.

"गोळा!" भिंगरी एका पायावर गिरक्या घ्यायला लागला. "गोळ्यातून ऊन! भिंगासारखं!"

"ऊन सकाळचंच. बघ, समोरच्या इमारतीवर सूर्य साडेसातच्या आसपास येतो. नऊला वरच्या गॅलरीची सावली पडते. दुकान उघडतं दहाला. म्हणजे हा ठिपका दुकानातल्या कुणालाच कधी दिसत नाही! आणि सूर्य वर चढतो तसा ठिपका खाली उतरतो, म्हणून रेघ वरून खाली."

"थांब, थांब!" रेडिओनं पाच पुस्तकांतलं एक उचललं. "ही रेघ मध्येच तुटलीय. हे कुठल्या दिवसाचं?"

मोजपट्टीनं मामाची रोजच्या पुस्तकांची यादी पाहिली. "मंगळवारचं."

"मंगळवारी मी गच्चीवर उन्हावर चालणारी गाडी पळवत होतो. आठला बंद पडली! मला वाटलं मोडली. मोठा ढग आला होता! ढग गेल्यावर आपोआप सुरू झाली!"

तिघांच्याही अंगावर शहारा आला. पुठ्ठ्यावरच्या त्या तुटक्या रेघेत मंगळवारचा ढग नोंदवला गेला होता!

"आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगू!" भिंगरी दाराकडे पळाला.

"नको!" मोजपट्टीनं त्याची कॉलर धरली. "काका आज सकाळी आत होतेच. व्यवस्थापक म्हणतील, त्यांनीच हेही पुस्तक भाजून परत ठेवलं. काका आत नसताना डाग पडला पाहिजे. आणि तो जुना नाही हे त्यांना स्वतःला कळलं पाहिजे."

"कसं कळणार?"

मोजपट्टी हसली. "ते स्वतः सही करतील त्यावर."

संध्याकाळी तिघं व्यवस्थापकांच्या कार्यालयात हजर! मोजपट्टीच्या हातात पांढरा पुठ्ठा होता आणि त्यावर साडेसोळा सेंटिमीटरच्या उंचीवर पेन्सिलनं आखलेली एक चौकट.

"साहेब, आम्ही सुट्टीत एक प्रयोग करतोय," रेडिओनं मध घोळलेल्या आवाजात सुरुवात केली. "त्यावर जबाबदार माणसाची सही लागते. बाबा म्हणाला असता, मी करतो. पण म्हटलं, आख्ख्या इमारतीची जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर..."

"हं, हं. बरोबर आहे," व्यवस्थापकांनी चष्मा चढवला. "कुठे करू?"

"बरोबर या चौकटीत. तारीख आणि वेळही घाला ना!"

झोकदार सही झाली. खाली दोन रेघा, एक टिंब.

"आणि उद्या सकाळी साडेसातला दुकानासमोर याल?" मोजपट्टीनं विचारलं.

"येणारच आहे. तो कारागीर चोरून आत शिरत नाही ना, ते बघायला!"

"मग तर फारच छान!" असं म्हणून भिंगरी पळाला, नाहीतर तिथेच खो खो हसला असता.

मामानं "आज दर्शनी कपाट आम्ही लावू?" याला लगेच होकार दिला, त्याचं कशातच लक्ष नव्हतं. मोजपट्टीनं आसपासची सगळी पुस्तकं, कागद, कापड काढून टाकलं. पुठ्ठ्याच्या मागे आणि खाली पत्र्याचे तुकडे ठेवले, आणि पुठ्ठा गोळ्यामागे बरोबर तीन बोटांच्या अंतरावर उभा केला. मामानं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साडेसातला सगळे काचेसमोर उभे होते. व्यवस्थापक, मामा, एका बाजूला शांत उभे असलेले स्क्रूकाका, आणि दोन्ही हातांनी पाण्याची बादली सावरणारा भिंगरी.

"ही बादली कशाला?" मामानं विचारलं.

"कळेल," भिंगरी गंभीरपणे म्हणाला.

पण आभाळानं दगा दिला! समोरच्या इमारतीवर राखाडी ढगांची चादर पसरली होती. पावणेआठ झाले. आठ झाले. पुठ्ठा पांढराशुभ्र, सही जशीच्या तशी.

"काय बघायचंय नेमकं?" व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिलं. "मला कामं आहेत."

"पाच मिनिटं, साहेब!" रेडिओ त्यांच्या वाटेत उभा राहिला. "तोवर तुम्हाला सांगतो, हा गोळा दहा किलोचा आहे, त्यात एकही बुडबुडा नाही, आणि..."

बारा वाजता काकांचं टेबल हलणार होतं. मोजपट्टीनं सूर्याच्या जागेकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे. चौकट थोडी मोठी आखली होती. आत्ता सूर्य आला तरी ठिपका सहीच्या खालच्या रेघांवर तरी पडेल. पण आणखी वीस मिनिटं गेली तर सही सुटणार!

"आता मी चाललो," व्यवस्थापक वळले.

तेवढ्यात ढगाची कड चमकली. ऊन रस्त्यावर उतरलं, काचेवर आलं, गोळ्यात शिरलं. पुठ्ठ्यावर डोळे दिपवणारा एक टाचणीएवढा ठिपका उमटला.

"साहेब!" मोजपट्टी ओरडली. "तुमची सही!"

बारीकशी निळसर धुराची रेघ वर चढली. सहीखालची रेघ तपकिरी झाली, मग काळी. टिंबाच्या जागी भोक पडलं!

"अरे! अरे! माझी सही जळतेय!" व्यवस्थापकांनी काचेला नाक लावलं. "कोण आहे आत?"

"कुणीच नाही," रेडिओ म्हणाला. "काका तुमच्या शेजारी उभे आहेत. किल्ली कुणाकडे आहे, बाबा?"

"माझ्या... माझ्या खिशात," मामा चाचरला.

मोजपट्टीनं त्याला कुलूप उघडायला लावलं, आत जाऊन गोळ्यावर जाड कापड टाकलं आणि धूर थांबल्यावर पुठ्ठा बाहेर आणला. बादली वाया जायला नको म्हणून भिंगरीनं त्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं. मग तिनं सहाही पुस्तकं काउंटरवर मांडून, उंची मोजून, मंगळवारच्या ढगासकट सगळं क्रमानं सांगितलं.

"मामा, एक विचारू?" शेवटी ती म्हणाली. "पुस्तक गोळ्यापासून बरोबर एवढ्याच अंतरावर का ठेवलंस?"

"मी पुढेमागे करून बघितलं. जिथे अक्षर सगळ्यांत मोठं दिसलं, तिथे..." मामाचं वाक्य अर्धवट राहिलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे जिथे ऊन एका टिंबात गोळा होतं, तीच ही जागा! गेली वीस वर्षं गिऱ्हाइकांना भिंग समजावून सांगतोय मी! आणि स्वतःच्या हातानं रोज पुस्तक जाळायला उभं करत होतो!"

तो स्क्रूकाकांसमोर गेला आणि सगळ्यांदेखत त्यानं किल्ली पुढे धरली. "काका, चूक माझी. मी डोळे मिटून तुमच्यावर ढकललं. माफ करा."

काकांनी किल्ली लगेच घेतली नाही. "आधी ती सहा पुस्तकं नीट बघ," ते म्हणाले. "एकेक, हातात घेऊन."

मामानं लहान मुलासारखं एकेक पुस्तक हातात घेऊन पाहिलं. मग काकांनी किल्ली खिशात टाकली.

"मीही घाई केली," व्यवस्थापक खाकरले. "टेबल कुठेही हलणार नाही. आणि पोरांनो, माझ्याकडून सही काढून घेतलीत ती... शाबास! इतकी वर्षं इमारती सांभाळतोय, पण मला असं कुणी गंडवलं नव्हतं. तो पुठ्ठा मला देता का?"

"नाही, साहेब," मोजपट्टी ताठ मानेनं म्हणाली. "तो पुरावा आहे."

मामा खदखदून हसला. "पुरावा दुकानातच लागेल, काचेच्या चौकटीत! खाली तुम्हा तिघांची नावं. आणि गोळा आजपासून सावलीत!"

स्क्रूकाका मात्र मागच्या खोलीत गेले होते. कापडातून हत्यारं सुटी होत असल्याचा खणखणाट ऐकू येत होता. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली.

"मोजपट्टी, आत ये."

टेबलाजवळ दुसरं स्टूल ओढलेलं होतं. समोर बंद पडलेला एक भोवरा, आणि तापायला ठेवलेली सळई.

"अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त केल्या," काका म्हणाले. "या आठवड्यात माझंच नाव बिघडलं होतं. ते तुम्ही पोरांनी दुरुस्त केलंत. कुठे सांधा आहे ते कळत नाही, इतकं चोख!" त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून तिच्या हातात ठेवलं. "बस. आजचा हा भोवरा तू जोडायचास."

मोजपट्टीनं भिंग डोळ्याला लावलं, श्वास रोखला आणि सळई उचलली.