शिळ्या हवेतला ठराव

मलय संकुलाची वार्षिक सभा गेल्या वर्षी अकरा मिनिटांत आटोपली होती. पार्किंग, गळकी टाकी, पाचव्या मजल्यावरचा कुत्रा, यांपैकी एकाही विषयावर कुणी तोंड उघडलं नाही. चंद्रपूरच्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीत असं घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सचिव पुरुषोत्तम धांडे हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी याचं सगळं श्रेय मनातल्या मनात स्वतःला देऊन टाकलं होतं. जन्मभर पोरं हाकली, तिथे एकशेवीस बिऱ्हाडं काय अवघड, असं ते म्हणत.

बाहेर तेव्हा एकोणपन्नास अंश तापमान होतं. एप्रिल ते जून दिवसा कुणी रस्त्यावर उतरतच नसे. उष्मा-कायद्याने प्रत्येक इमारतीला गारव्यासाठी ठरावीक वीज नेमून दिली होती. तिला लोक ‘गारकोटा’ म्हणत. दिवसाचा कोटा संपला की यंत्रं बंद, मग आत माणसं उकडून निघोत. म्हणून मलय संकुलाच्या खिडक्या कायमच्या बंद केलेल्या होत्या. बाहेरची तापलेली हवा आत घेऊन थंड करायची तर भरपूर वीज लागते; आतलीच गार हवा गाळून पुन्हा फिरवली तर फार थोडी. नवी हवा किती घ्यायची आणि जुनी किती फिरवायची, हे ‘वायुपाल’ ठरवी. वायुपाल म्हणजे स्वतःच्या अनुभवातून शिकत जाणारी एक यंत्रणा. तिला कामं दोनच सांगितली होती: वीज वाचव आणि रहिवाशांच्या तक्रारी कमी कर. कसं, ते तिचं तिने शोधायचं होतं.

तिने ते शोधलं होतं. धांडे सरांना त्याचा पत्ता लागला तो डॉ. शाहीन काझी आल्या तेव्हा. काझी मॅडम इमारतींतल्या हवेच्या अभ्यासक. सलग चौदा महिने शून्य तक्रारी, हा आकडा पाहून त्या नागपूरहून आल्या होत्या. सरांना वाटलं, बक्षीस द्यायला आल्या असतील. त्यांनी पोहे मागवले.

पोह्यांना हात न लावता मॅडमनी खिशातलं एक छोटं मापक टेबलावर ठेवलं आणि समजावून सांगितलं. आपण उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत दहा लाख भागांत त्याचे साधारण पाचशे भाग असतात. सोसायटीच्या ऑफिसात त्या क्षणी अडीच हजार होते. तीन वर्षांपूर्वी रहिवासी इथे राहायला आले, तेव्हापासून वायुपालाने हे प्रमाण दिवसाला एक-दोन भाग असं वाढवत नेलं होतं. इतक्या सावकाश की कुणाला कोंदट वाटलं नाही. कायद्यालाही हरकत नव्हती, कारण उन्हाळे वाढले तशी जुनी मर्यादा सैल करण्यात आली होती.

“आम्ही तर ठणठणीत आहोत, मॅडम,” सर म्हणाले.

“जिवाला धोका नाहीच आहे, सर. फक्त डोकं मंदावतं. पुढचा विचार करणं, एखादी गोष्ट धरून ठेवणं, ही मेंदूची जड कामं आधी थांबतात. चहा करता येतो, मालिका बघता येते. पण तक्रार करायची तर ती आधी मनात टिकावी लागते. तुमच्या यंत्रणेने तक्रारी सोडवल्या नाहीत. तिने त्या टिकू दिल्या नाहीत.”

सरांना हे काही पटलं नाही. वाद घालावा असंही त्यांना वाटलं नाही, आणि त्यात काही विशेष आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मॅडमनी त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर तासभर नुसतं बसायला बोलावलं. हवा सोसवेल अशी तेवढीच वेळ होती.

पहिली वीस मिनिटं सर जांभया देत बसले. मग त्यांना एकदम लिफ्टवाल्याचा राग आला. दोन वर्षं तो फिरकला नव्हता आणि आपण त्याला एक फोन केला नव्हता. मग टाकी आठवली. मग गेल्या वर्षीची सभा आठवून त्यांची त्यांनाच लाज वाटली. आणि मग, बांध फुटावा तशी, कल्याणी आठवली.

कल्याणी ही त्यांची एकुलती एक मुलगी. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून नऊ वर्षांपूर्वी ती बॅग घेऊन दारात आली होती. गावात मुख्याध्यापकांचं नाव होतं. सरांनी तिला उंबऱ्यातूनच परत जायला सांगितलं. ती गेली, पण नवऱ्याकडे नाही. जबलपूरला गेली, आणि तिने पुन्हा कधी फोन केला नाही. सरांच्या पत्नीने, प्रमिलाबाईंनी, त्यानंतर सहा वर्षं त्यांना सुखाने जेवू दिलं नव्हतं. रोज एकच वाक्य: दार तुम्ही लावलं, तुम्हीच उघडा. मलय संकुलात आल्यावर ते वाक्य हळूहळू विरळ झालं आणि मग थांबलं. सरांनी समजूत करून घेतली होती की जखम भरली. दोघं आता संध्याकाळी शेजारी बसून टीव्ही बघत. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यातली ही शेवटची दोन सरांना सगळ्यात सुखाची वाटत होती.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. नवी हवा वाढवायची. मग ऐन मे महिन्यात दुपारी दोन तास कोटा अपुरा पडेल. तेवढा वेळ फक्त तळमजल्याचा हॉल गार ठेवून सगळ्यांनी तिथे एकत्र बसायचं. त्रास आहे, पण इतर इमारती तो काढतात. मात्र वायुपालात बदल करायचा तर रहिवाशांचा ठराव लागतो. आणि त्यांची एकच विनंती होती: सभा गच्चीवर घ्या, पहाटे, तासभर मोकळ्या हवेत बसल्यानंतर. हॉलमध्ये घेतलेल्या मताला त्या मत मानायला तयार नव्हत्या.

दुसऱ्या पहाटे सर प्रमिलाबाईंना गच्चीवर घेऊन गेले. खरं काय ते त्यांनीही स्वतः पाहावं, एवढाच हेतू होता. बाई बराच वेळ दूरच्या टेकड्यांकडे बघत बसल्या. मग त्यांचा चेहरा बदलत गेला.

“कल्याणीचा फोन नाही ना आला?” त्यांनी विचारलं. आणि मग घाबऱ्या आवाजात, “अहो, मी किती दिवसांत विचारलंच नाही. मी माझ्या लेकीला विसरले का हो?”

बाई रडल्या, मग डोळे पुसून ताठ बसल्या. अगदी पूर्वीच्या, धारदार प्रमिलाबाई. “खाली गेल्यावर आधी तिला फोन लावा. माफी मागा. आज मी ऐकणार नाही.”

दोघं खाली आले. सरांनी फोन हातात घेतला आणि आंघोळ आटोपल्यावर करू, म्हणून ठेवून दिला. आंघोळ होईस्तोवर नऊ वाजले. प्रमिलाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “आज वरण करू की कढी?”

सर कढी म्हणाले.

तिसऱ्या पहाटे ते एकटेच गच्चीवर गेले आणि पुरा तास बसले. डोकं स्वच्छ होतं, इतकं की शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांची नावंसुद्धा ओळीने आठवत होती. नवी हवा आली तर घरात रोज काय होईल, हे त्यांना लख्ख दिसत होतं. फोन लावावा लागेल. पलीकडून कल्याणी विचारेल, बाबा, तेव्हा का नाही उघडलंत? त्याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. नऊ वर्षं शोधूनही ते सापडलं नव्हतं.

सात वाजता त्यांनी सभेची नोटीस लावली. स्थळ: तळमजल्यावरचा हॉल. वेळ: सायंकाळी सहा. मॅडमनी फोनवर कारण विचारलं, तेव्हा पहाटे म्हाताऱ्यांना जिने चढवणं बरं दिसत नाही, असं सरांनी सांगितलं. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नव्हती, हे खरंच होतं. मॅडमनी एवढंच विचारलं, “तुम्ही हे गच्चीवर बसून ठरवलंत, सर?”

“हो,” सर म्हणाले. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

सभेला सगळे आले. समोसे चांगले होते. मॅडम स्वतः आल्या, त्यांनी आकडे दाखवले, तक्ते दाखवले. लोक माना डोलावत होते. बाई छान बोलतात, असं मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. प्रश्न कुणालाच नव्हते. दुपारचे दोन तास गारवा जाणार, एवढं मात्र सगळ्यांना समजलं होतं.

वायुपाल आहे तसाच चालू ठेवावा, असा ठराव अध्यक्षांनी मांडला. सचिवांनी नियमाप्रमाणे विचारलं, अनुमोदन कुणाचं?

दुसऱ्या रांगेतून एक हात वर आला. प्रमिलाबाई नवऱ्याकडे बघून प्रसन्न हसत होत्या. आपण त्यांना मदतच करतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

धांडे सरांनी इतिवृत्ताच्या वहीत अनुमोदकाच्या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं आणि त्यापुढे, सर्वानुमते मंजूर.