खूणकण

त्या काळी प्रयोगशाळेत रसायनं सांडायची, पण लपायची नाहीत. घातक रसायनाच्या प्रत्येक बाटलीत कारखान्यातच 'खूणकण' मिसळलेले असत. रसायन जाईल तिथे हे कण चिकटून जायचे आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवेगार चमकायचे. पूर्वी विद्यापीठात "पुसलं हो सर" म्हटलं की भागायचं. आता दिवा लावला की सगळं पितळ उघडं.

हे कण शोधले डॉ. ऋजुता टिळेकरनं. त्या दिवशी तपासणी समितीनं तिच्याच प्रयोगशाळेत दिवा फिरवला. टेबलं, नळ, दाराच्या मुठी, विद्यार्थ्यांचे हात... कुठे ठिपका म्हणून नाही! समितीचे अध्यक्ष म्हणजे एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा, त्यांनीसुद्धा टाळी वाजवली. ऋजुताचे पाय जमिनीवर नव्हते. दिवा पर्समध्ये टाकून तिनं दुपारीच घर गाठलं.

"अरे हेरंब, देशातली पहिली बिनडागी प्रयोगशाळा आहे आपली."

"आपली कसली? तुझी. मी तिचा उंबरठासुद्धा पाहिलेला नाही," तिचा नवरा म्हणाला. तो घरी तबल्याच्या शिकवण्या घ्यायचा आणि तान्ह्या चिमीला सांभाळायचा. "दाखव तरी, कसा पेटतो तो."

तिनं पडदे ओढले, दिवा स्वतःच्या हातांवर धरला. काही नाही. मग गंमत म्हणून त्याच्या हातांवर धरला. मनगटापर्यंत हिरवे.

"अगं, माझे कसे?"

ऋजुताला एप्रन आठवले. समिती येणार म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापले एप्रन धुवायला घरी नेले होते. एरवीही नेतच. पाहुणे यायचे तर घर आवरायचं, ही आपली जुनी खोड. प्रयोगशाळेत तिच्या हातात हातमोजे असत. इथे तो उघड्या हातांनी, मायेनं, तिच्या एप्रनच्या बाह्या घासत होता. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"साबणानं धुतो ना," तो म्हणाला.

"कातडीत मुरलेलं साबणानं जात नाही रे. आम्ही करून पाहिलंय. तेल चोळलं तरच सुटतं."

हेरंबचा चेहरा खुलला. "मग घाबरवतेस कशाला? रोज सकाळी चिमीला अंगभर तेल लावतो की मी."

ऋजुता दिवा घेऊन वळली. चिमी पाळण्यात पालथी पडून पाय झाडत होती. ऋजुतानं तिचं झबलं वर सरकवलं आणि दिवा धरला. पाठभर बापाचे पंजे उमटले होते, बोटन् बोट.