थोरलीची ओटी

थोरली अ‍ॅनाकोंडा होती, त्यामुळे तिच्या ओटीचा नारळ ठेवायचा कुठे हा प्रश्नच होता. सापांची देखभाल करणाऱ्या शेवंताबाईंनी तो हौदाच्या काठावर खणावर ठेवला आणि काचेलाच हळदकुंकू लावलं. राधानगरीजवळच्या त्या सर्पकेंद्रात गाभण मादीची ओटी भरायची पद्धत त्यांनीच पाडली होती आणि डॉ. हर्षदा पेडणेकरांनाही ती मोडवत नव्हती. या वर्षी ओट्या दोन होत्या. दुसरी हर्षदाची.

ही जात अंडी घालत नाही. पिल्लं पोटात वाढवते आणि त्या काळात बहुतेक उपाशीच राहते. तिच्या रक्तातल्या एका द्रव्यावरून हर्षदाने गर्भ आहे तिथेच थांबवणारं औषध बनवलं, 'विराम'. नोकरी, आजारपण, जे आड येईल ते उरकेपर्यंत बाळ थांबायचं. 'जाग' टोचलं की पुन्हा वाढायचं. थोरलीला थांबवलं, आणि कामाच्या धबडग्यात पाचव्या महिन्यात हर्षदाने स्वतःलाही. थोरलीला 'जाग' आधीच टोचलं होतं; तिची पिल्लं धड जन्मली की मगच हर्षदाने ते घ्यायचं, असं ठरलं होतं.

पण शेवंताबाई अडून बसल्या. "थांबल्याल्या पोटाची ओटी भरत न्हाईत, म्याडम."

सोनोग्राफीत थोरलीच्या पिल्लांच्या हृदयाचे ठोके छान दिसत होते. शिवाय हर्षदालाच आता धीर निघत नव्हता. तिने ओटीच्या आदल्या दिवशी 'जाग'ची सुई टोचून घेतली. सकाळी पोटात हललं तेव्हा ती एकटीच रडली.

शेवंताबाईंनी तिच्या पदरात पहिली ओंजळ घातली आणि तिकडे थोरली व्यायला लागली. एकामागून एक पिल्लं पाण्यात आली, वळवळली, पोहू लागली.

थोरली वळली. जिभेनं पहिल्याला चाचपलं आणि गिळलं. मग दुसऱ्याला.

"भुकेजली असंल," शेवंताबाई म्हणाल्या.

"नाही. बाळंत झाल्यावर ही मेलेली पिल्लं खाते. जिवंताला तोंड लावत नाही."

"पर ही तर हलत्यात."

हर्षदाच्या पोटात पुन्हा हललं. सकाळी जिच्यामुळे ती हरखली होती, त्याच हालचालीची आता तिला भयंकर भीती वाटली. तपासलं तर यंत्र जिवंतच म्हणणार. पिल्लांनाही ते जिवंतच म्हणालं होतं.

शेवंताबाई मुठीत तांदूळ धरून खोळंबल्या होत्या.

"म्याडम," त्यांनी हळूच विचारलं, "ऱ्हायल्याली ओटी भरू का?"