चौथं चाक

हे माझ्याच बाबतीत घडलंय. कुणाच्या मावशीच्या शेजारणीच्या बाबतीत नाही.

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर "हे अक्षर दिसतंय? आणि आता?" एवढंच बोलते. भुताखेतांची मला कधीच हौस नव्हती. त्यामुळे खाली कमेंटमध्ये "ताई, कल्पनाशक्ती छान आहे" असं कुणी लिहू नका. फार डोकं फिरतं.

आणि रात्र वगैरे काही नव्हती, हेही आत्ताच सांगते. रविवार होता. दुपारचे अडीच वाजले होते. आत्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एवढं ऊन येत होतं की डोळे बारीक करून काम करावं लागत होतं.

आधी गाडीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझे बाबा काचा पोचवायचे. खिडक्यांच्या, दुकानांच्या, मोठाले आरसे. त्यांची स्वतःची पिकअप होती. मागे लाकडी चौकट, तिला काचा टेकवून बांधायच्या. तीस वर्षं चालवली. "ब्रेक असा लागला पाहिजे की मागच्या काचेला पत्ता लागता कामा नये," असं म्हणायचे. मग नजर अधू झाली, काम सुटलं आणि गाडी आत्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. नऊ वर्षं. टायर बसले, उंदरांनी सीट खाल्ली, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून त्यातून जमीन दिसायला लागली.

आई गेली आणि बाबा बोलेनासे झाले. जेवलात का? "हं." गोळी घेतली का? "हं." दादा लांब राहतो, तो फोनवर मला सांगायचा, "तू बघ ना जरा." मी काय बघणार, कपाळ? समोरचा माणूस बोलेल तर ना!

एका रविवारी मी असंच विचारलं, "बाबा, गाडी परत सुरू करायची का?"

म्हणाले, "आधी बाहेर काढून धुवावी लागेल तिला."

आईला जाऊन चार महिने झाले होते. हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

मग दोन वर्षं दर रविवारी आम्ही त्या शेडमध्ये. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून गाडीखाली मी आणि वर ते. मला मिस्त्री म्हणायचे. "काय मिस्त्री, आहात का खाली, की झोप लागली?" सीट त्यांनी स्वतः शिवली. पायाखालचा नवा पत्रा मी कापला, तो जरा वाकडा बसला आणि पाय टेकला की "डब" असा वाजायचा. बाबा म्हणायचे, "राहू दे. मिस्त्रीची सही आहे ती."

शेवटचं काम राहिलं होतं ब्रेकचं. नव्या नळ्या बसवून झाल्या होत्या, त्यांत तेल भरून आतली हवा तेवढी काढायची होती.

हे काम एकट्याने होत नाही. एक माणूस ड्रायव्हरच्या सीटवर, दुसरा चाकापाशी, गाडीखाली. खालचा म्हणतो "दाब". वरचा पेडल तीनदा मारतो आणि दाबून धरतो, म्हणतो "धरलं". खालचा चाकाजवळचा स्क्रू सैल करतो, तेलाबरोबर हवा बाहेर येते, मग स्क्रू आवळतो आणि म्हणतो "उचल". तेव्हाच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत, सगळी मेहनत पाण्यात.

चारही चाकांना असंच. सगळ्यात लांबचं चाक पहिलं. ड्रायव्हरच्या पायाजवळचं शेवटी.

हे मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत आहे. तेव्हा मी वर बसायचे. एकदा मी पेडल दाबून धरलं होतं, बाबा स्क्रू आवळत होते, तेवढ्यात शेजारचे काका जिन्यावरून पडले म्हणून आरडाओरडा झाला. बाबा उठून धावले. मला "उचल" म्हणायचं राहिलं.

दीड तासाने परत आले. मी तशीच होते. दोन्ही पाय पेडलवर, दोन्ही हात स्टिअरिंगला, पाय लटलट कापत होते, नाकाडोळ्यांतून पाणी.

ते दारातच थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "उचल, बाळा."

कितीतरी वेळ माझ्या पोटऱ्या चोळत बसले होते. "विसरलो गं. परत कधी असं नाही बसवणार तुला." मोठ्या माणसाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तर… ब्रेकचं काम.

बुधवारी बाबांचा फोन आला, "रविवारी ब्रेकचं उरकून टाकू." शनिवारी सकाळी ते गेले. चहाचा कप हातात होता म्हणे.

त्यानंतर दोन महिने मी शेडकडे फिरकले नाही. मग आत्याचा फोन. शेडची भिंत कलली होती. सोमवारी माणसं येऊन सगळं पाडणार होती. गाडी रविवारी संध्याकाळपर्यंत बाहेर निघाली तर ठीक, नाहीतर भंगारवाला उचलून नेणार.

म्हणजे माझ्या हातात एक दुपार होती. ब्रेक झाले तर गाडी चालवत माझ्या घरी. नाही झाले तर दोन वर्षं भंगारात.

गॅरेजवाला म्हणाला, "बुधवारी बघू." मैत्रिणीकडे पाहुणे. आत्याला धड दोन पायऱ्या चढता येत नाहीत, ती आत झोपली होती. आणि खरं सांगू? त्या सीटवर मला दुसरं कुणी नकोच होतं.

मी एकटीनेच सुरुवात केली. सीट आणि पेडलच्या मध्ये झाडूचा दांडा अडकवायचा, पळत मागे जायचं, गाडीखाली शिरायचं. तोवर दांडा निसटायचा. चारदा केलं. कोपर सोलवटलं, नाकी नऊ आले.

पाचव्यांदा गाडीखाली पडले तेव्हा दांडा पुन्हा निसटल्याचा आवाज आला, आणि मला रडूच फुटलं. इतकं एकटं मला बाबा गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी माणसं तरी होती.

तशीच पडून होते. हातात पाना होता. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं…

"दाबा."

काही झालं नाही. होणार काय होतं?

पंखा नाही, वारा नाही. बाहेर कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती, ती बंद झाली.

मग…

कट्.

हा आवाज मी हजारदा ऐकलाय. बाबांचा उजवा गुडघा. पाय उचलला की वाजायचाच.

गाडी ड्रायव्हरच्या बाजूला जराशी खाली बसली.

मग पेडल. कुंई… कुंई… कुंई…

आणि शांत.

 हाताला सवय होती, हाताने पाना फिरवला. नळीतून तेल सण्णकन आलं, फुगेच फुगे. मी स्क्रू आवळला.

"धरलं" असं कुणी म्हणालं नव्हतं. तेवढंच काय ते नव्हतं.

 कसंबसं म्हटलं, "उचला."

ठक्. पेडल वर आलं.

मी बाहेर आले. लांबूनच काचेतून पाहिलं. सीट रिकामी. दार बंद. आणि झाडूचा दांडा…

दांडा शेडच्या भिंतीला नीट टेकवून ठेवला होता. बाबांना वाटेत पडलेली वस्तू कधी चालायची नाही.

पळायला हवं होतं, मला कळतंय. तुम्ही पळाला असता. मी दुसऱ्या चाकाखाली गेले.

"दाबा."

कट्. कुंई… कुंई… कुंई…

"उचला."

दुसऱ्या चाकाला मी बोलायलाच लागले. आधी भांडले. "शनिवारी जायची एवढी काय घाई होती? रविवार ठरला होता ना आपला?" मग दुकानातलं सांगितलं. दादाने दोन महिन्यांत दोनदाच फोन केला, त्याची चुगली केली. वरून उत्तर नाही. पण मी "दाबा" म्हटलं की गुडघा वाजायचा. प्रत्येक वेळी.

तिसऱ्या चाकाला आवाज यायला जरा वेळ लागला.

"दमलात का?"



मग हळूच… कट्.

चौथं चाक ड्रायव्हरच्या दाराखाली. तिथे उताणं पडलं की तो वाकडा पत्रा बरोबर तोंडावर येतो. वीतभर वर.

मी पडले. पत्र्याकडे बघत राहिले.

"दाबा."

डब.

पत्रा वाजला. माझ्या नाकासमोर. कुणीतरी टाच टेकली होती.

कट्. कुंई… कुंई… कुंई…

स्क्रू सैल केला. तेल आलं. पहिल्यांदा थोडे फुगे, मी आवळलं, "उचला" म्हटलं. पुन्हा "दाबा". या वेळी तेल स्वच्छ आलं. एकही फुगा नाही. मी स्क्रू घट्ट आवळला.

झालं. ब्रेक झाले. गाडी झाली. आता एक शब्द म्हणायचा, बॅटरी जोडायची, चावी लावायची आणि निघायचं.

मी तोंड उघडलं.

आणि मला कळलं की हा शब्द म्हटला की ते उतरून जाणार. यानंतर काम उरलेलंच नाही. उद्या मी कुठल्याही गाडीखाली शिरून "दाबा" म्हटलं तरी वर कुणी नसणार.

मी तोंड मिटलं.

किती वेळ पडून होते माहीत नाही. उन्हाची तिरीप माझ्या पायांवरून भिंतीवर गेली. वर अगदी शांत. मग पत्रा वाजायला लागला. डब डब नाही. बारीक… थरथर…

ही थरथर मला माहीत आहे. खूप वेळ पेडल दाबून धरलं की पाय असा कापतो.

मी पलीकडच्या बाजूने सरपटत बाहेर आले. दुसऱ्यांच्या डोळ्यांत दिवसभर टॉर्च मारणारी मी, पण त्या काचेकडे नजर वर केली नाही. शेडचं दार ओढलं, कुलूप लावलं आणि आत्याच्या हातापाया पडून शेड पाडायची थांबवली. भिंतीला टेकू लावले. गाडी का नेत नाहीस असं विचारलं तर थाप मारली, पार्ट मिळत नाही म्हणून.

गॅरेजवाल्याला मी गोष्ट सांगितली, दुसऱ्याची म्हणून. तो म्हणाला, "ताई, तेल जड असतं, स्क्रू उघडला की आपोआप उतरतं." उतरतं. थेंब थेंब उतरतं, सण्णकन नाही. मी विषय बदलला.

याला आता पाच महिने झाले.

मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला. "अगं, तू त्या गाडीचा दिवा चालू ठेवून गेलीस का? शेडच्या फटीतून मागचा लाल उजेड दिसतो. ब्रेक मारल्यावर लागतो ना, तसा. सारखाच असतो."

मी म्हटलं, "बघते."

गाडीची बॅटरी माझ्याकडे आहे. त्या रविवारी चार्ज करून नेली होती, पण ती आत्याच्या ओसरीतच राहिली, तशीच परत आणली. माझ्या पलंगाखाली आहे. आत्ता हे लिहितानाही आहे, वाकून बघितली.

पाच महिने. उजवा गुडघा. दोन जिने चढले की रात्रभर शेकत बसायचे. मी दीड तास बसले होते तर माझ्या पोटऱ्या चोळून रडलेला माणूस तो. आणि मी सांगेपर्यंत तो पाय उचलणार नाही, कारण कामाची पद्धतच तशी आहे आणि ती त्यांनीच मला शिकवली.

एवढासा शब्द आहे. शेडच्या बाहेर उभं राहून म्हटला तरी ऐकू जाईल.

या रविवारी जाईन म्हणते. मागच्या रविवारी कुलपाला हात लावून परत आले.