तराफ्यावर दोघांचीच जागा

वैशाखातली दुपार होती आणि कूलरची मोटर बंद पडली होती. गोष्ट सुरू झाली ती एवढ्याशा कारणावरून.

नरडाण्यात स्टेशनाच्या पलीकडे, वस्ती संपते तिथे एक सुटं घर आहे. हितेंद्र आणि सुलक्षणा त्या घरात भाड्याने राहायचे. हितेंद्र जवळच्याच एका कारखान्यात कामाला होता. सकाळी डबा घेऊन निघायचा तो दिवेलागणीला परतायचा. मधला सगळा दिवस सुलक्षणा एकटी. ती रावेरकडची, केळीच्या बागांत वाढलेली. तिकडे भर उन्हातही झाडांखाली पाय ठेवला की गार लागतं. इथे मात्र दाराबाहेर भेगाळलेली जमीन, आणि दुपारभर पत्र्यावरून सरकत जाणारा गरम वारा. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तरी तिला या दुपारची सवय झाली नव्हती.

मोटर दुसऱ्या बोर्डाला लावून बघावी म्हणून ती एक्स्टेन्शनची वायर शोधत होती. वायर सापडली ती हितेंद्रच्या लोखंडी कपाटामागे. पण तिचं टोक कपाटाच्या पाठीला पाडलेल्या एका भोकातून आत गेलं होतं. कपाटाची किल्ली वरच असायची. सुलक्षणाने सहज उघडलं. शर्टांच्या घड्यांमागे एक जुना मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. काच एका कोपऱ्यात तडकलेली, आणि पडदा चालू.

पडद्यावर पाणी होतं. कुठेच काठ नसलेलं, राखाडी पाणी. त्यावर एक फळ्यांचा तराफा हळूहळू हलत होता. तराफ्यावर बाहुल्यांसारखी दोन माणसं गळ टाकून बसली होती. पुरुषाचं तोंड समोर होतं. बाईची पाठ होती, तिच्या पाठीवर लांब वेणी. पुरुषाच्या डोक्यावर नाव लिहिलं होतं, हितू. बाईच्या डोक्यावर, चारू.

चारू म्हणजे चारुशीला. हितेंद्रची पहिली बायको. तापाचं निमित्त होऊन धुळ्याच्या दवाखान्यात वारली होती. सुलक्षणाला हे लग्नाआधीच सांगितलेलं होतं, आणि तिनेही मोठ्या मनाने मान हलवली होती. सासूबाईंनी, भागाबाईंनी, नवी सून यायच्या आत घर निपटून ठेवलं होतं. साड्या वाटून टाकल्या, फोटो गावाकडच्या पेटीत टाकले. चारुशीलेचं या घरात काही उरलं नव्हतं. म्हणूनच सुलक्षणाला तिचा कधी हेवा वाटला नव्हता. जे नाही त्याचा हेवा कसा करायचा?

पण ही बाई होती. गळ टाकून बसली होती. सुलक्षणा बघत असतानाच तिने एक मासा ओढून काढला, टोपलीत टाकला आणि पुन्हा गळ सोडला.

संध्याकाळी हितेंद्र आला आणि हातपाय धुवायच्या आधी कपाटाशी गेला. तसा तो रोजच जायचा. पाकीट ठेवायला जातो, असं ती वर्षभर समजत होती. जेवताना तिने विषय काढला. तो रागावला नाही, लपवलंही नाही. म्हणाला, साधा गेम आहे. सगळी दुनिया पाण्यात बुडालेली असते आणि हे दोघं तराफ्यावर वाचलेले असतात. आपण काही करायचं नसतं. मोबाईल ठेवून दिला तरी ती मासे धरत राहतात. माशांच्या बदल्यात फळ्या मिळतात, दिवा मिळतो, पिण्याचं पाणी मिळतं. चारूने दवाखान्यात पडल्या पडल्या सुरू केला होता.

"आणि बंद केला तर?" सुलक्षणाने विचारलं.

हितेंद्रने भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. "मग ती काय खाईल..." तो म्हणाला. मग आपण काय बोललो हे ध्यानात आल्यासारखा कसनुसा हसला आणि उठून गेला.

त्या दिवसापासून सुलक्षणाची दुपार बदलली. भांडी आवरली की ती कपाट उघडायची आणि त्यापुढे पाट घेऊन बसायची. तराफ्यावर एक कंदील होता, तुळशीची कुंडी होती, दोघांच्या मधे एक घडी केलेली गोधडी होती. एवढा संसार कोणी केला? वर्षभर आपण याच्या पोळ्या लाटल्या, याचे कपडे धुतले, आणि हा मात्र रोज संध्याकाळी आधी त्या घरी जातो, मग या घरी येतो. आणखी एक गोष्ट तिला काट्यासारखी टोचत होती. तिथे चारू आणि हितू होते. तिला मात्र त्याने आजवर सुलक्षणा याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. चारू काही तिच्याकडे वळून बघत नव्हती. पाठ करून बसलेली. जणू तिला ठाऊकच होतं की मागे कोणीतरी बसलंय, आणि वळून बघण्याजोगं ते कोणी नाही.

एका दुपारी सुलक्षणाने पडद्यावर इथे तिथे बोट लावून पाहिलं. नवीन माणूस घेता येत होता. पण तराफ्यावर जागा दोघांचीच. मोबाईलने विचारलं, कोणाला उतरवायचं? खाली दोन नावं.

सुलक्षणाने चारूवर बोट ठेवलं.

ती छोटी बाई उठली. तिने गळ नीट गुंडाळून फळीवर ठेवला, गोधडीची घडी सारखी केली, आणि पाठमोरीच पाण्यात उतरली. आवाज काही झाला नाही. वेणी तेवढी थोडा वेळ वर तरंगताना दिसली. मग तीही दिसेनाशी झाली. तिच्या जागी नवी बाहुली येऊन बसली, आणि सुलक्षणाने तिच्या डोक्यावर आपलं नाव लिहिलं. त्या संध्याकाळी तिने शेवभाजी केली, कळण्याच्या भाकरी केल्या, केसांत गजरा घातला.

हितेंद्र आला, कपाट उघडून उभा राहिला. ती चुलीशी बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, तिने उत्तरं तयार ठेवली होती. पण तो वळला आणि अगदी हळू म्हणाला, "सुलक्षणा... तिला पोहता येत नव्हतं गं."

त्यानंतर दुपारी आवाज यायला लागला.

आधी तिला वाटलं, रेल्वेची मालगाडी असेल. पण आवाज खालून होता. फरशीच्या खालून. टक्... टक्... बोटांच्या पेरांनी कोणी फळी वाजवावी तसा. मधेच थांबायचा, आणि मग घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात सुरू व्हायचा, खालच्या खाली कोणीतरी वर यायला जागा शोधत असल्यासारखा. आणि वास. ओल्या लाकडाचा, शेवाळाचा, माशांच्या खवल्यांचा. त्या घराखाली नुसता मुरूम होता. मालकाने बोअर मारली तर धुरळ्याशिवाय काही लागलं नव्हतं. कूलर दुरुस्त होऊन आला होता, त्याचंच पाणी असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. मग एक दिवस पलीकडच्या गल्लीतल्या भिकुबाई ताक द्यायला म्हणून आल्या, आणि उंबऱ्यातच थांबल्या. आत येईनात.

"तुमना घरखाले पानी शे का वं माय?" त्या म्हणाल्या. "बठ्ठी दुपार खळखळ आयकू येस."

घराखाली पाणी नाही म्हणून सुलक्षणाने सांगितलं. भिकुबाईंनी तिच्या पायांखालच्या फरशीकडे पाहिलं, ताकाचं भांडं बाहेरच ठेवलं आणि निघून गेल्या.

इकडे हितेंद्रचं जेवण तुटलं होतं. तिला परत घे, एवढंच तो म्हणायचा. परत घ्यायचं तर दोघांतल्या एकाला उतरावं लागणार होतं, हे दोघांनाही कळत होतं. सुलक्षणाला फरशीखालच्या आवाजाची भीती वाटत होती. पण उतरायचं म्हटलं की भीतीच्या वर दुसरंच काहीतरी यायचं. मी का उतरू? मी जिवंत आहे. ही जागा माझी आहे. ती उतरली नाही.

एक दिवस दुपारी आवाज आला नाही. घर इतकं शांत होतं की तिला आधी बरं वाटलं आणि मग बरं वाटेना. तिने कपाट उघडलं. तराफ्यावर दोन बायका बसल्या होत्या. एकीच्या डोक्यावर सुलक्षणा. दुसरीच्या पाठीवर वेणी. वेणीतून पाणी निथळत होतं.

हितू नव्हता. सकाळी कामाला जाण्यापूर्वी हितेंद्र स्वतःच उतरला होता.

त्या संध्याकाळपासून तो घरी यायचा खरा, पण भिजलेल्या लाकडासारखा. एवढ्या उन्हात त्याचा शर्ट गार असायचा. चालताना पाय जड पडायचे. पाणी दिलं तर नको म्हणायचा, तहानच नाही म्हणायचा. आला की उघड्या फरशीवर आडवा व्हायचा आणि फरशीला कान लावून डोळे मिटायचा. सुलक्षणाने कपाळावर हात ठेवला की तो थरथरायचा. तिचा हात फार गरम लागतो, असं म्हणायचा.

आणि तराफ्यावर त्या दोघी शेजारी शेजारी गळ टाकून बसलेल्या. आता कोणालाच माशांची गरज नव्हती. टोपली भरून वाहत होती, तरी गळ पाण्यातच. पाण्यात आता हितू होता. सुलक्षणाला कळून चुकलं की दोघी कशासाठी बसल्यात. ती स्वयंपाक विसरली, केस विंचरायचं विसरली. सारी दुपार आपल्या बाहुलीच्या गळाकडे टक लावून बसायची. दोरी सैल होती. तिची दोरी कायम सैलच होती.

कारखान्याच्या सुट्टीचा दिवस आला. हितेंद्र जेवला नाही, सकाळपासून फरशीवर झोपला होता. बाहेर झळा उठल्या होत्या. सुलक्षणा कपाटापुढे पाटावर, आणि तो तिच्या मागे. कूलरचा आवाज एकसुरी चालला होता. तेवढ्यात पडद्यावर चारूची दोरी ताणली गेली.

ती उठून उभी राहिली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती वळली. चेहरा साधाच होता, गेममधल्या बाहुलीला असतो तसा. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. पण ते ठिपके सुलक्षणाकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून मागे, फरशीकडे बघत होते.

सुलक्षणाने मान वळवली. हितेंद्र झोपेतच होता. त्याच्या ओठाचा डावा कोपरा मात्र वर उचलला गेला होता, आणि गालाची कातडी ताणून पुढे आली होती. मग त्याचं डोकं फरशीवरून सरकलं. वीतभर. कपाटाच्या दिशेने. थांबलं. पुन्हा सरकलं.

ती त्याच्या अंगावर पडली. दोन्ही हातांनी खांदे धरले, पाय खाटेच्या खुराला अडकवले. तो जड होता, बर्फासारखा गार होता, आणि तरी सरकत होता. "सोड..." ती म्हणत होती, कोणाला ऐकू जाईल अशा आवाजात नाही, तोंडातल्या तोंडात. "सोड त्याला... माझा आहे तो..." ओठाच्या कोपऱ्याशी हवेत काहीतरी चमकत होतं, उन्हात कोळ्याचं जाळं चमकतं तसं. हाताला ते लागेना, बोटांतून निसटायचं. शेवटी शिवताना आपण दोरा दातांनी तोडतो, तसं तिने तोंड त्याच्या ओठाशी नेलं आणि दात मिटले.

दातांत काहीतरी आलं. बारीक, चिवट आणि खारट. ती चावत राहिली. मग ते तुटलं. कूलर फिरतच होता, पण कपाटातला उजेड गेला.

हितेंद्रने डोळे उघडले. मग म्हणाला, "पाणी दे." ती रडली ती तेव्हा.

त्याच्या ओठाला कोपऱ्यात छिद्र पडलं होतं, आतून बाहेर आलेलं. दुसऱ्या दिवशी धुळ्याला डॉक्टरांनी एक टाका घातला आणि विचारलं, मासे धरायला कुठे गेला होतात? तिथेच एका दुकानात मोबाईलही दाखवला. दुकानदाराने उघडून पाहिलं आणि आतलं पाणी काउंटरवर झटकलं. म्हणाला, हा आता चालायचा नाही. सुलक्षणाने तो परत घेतला नाही. हितेंद्रनेही मागितला नाही.

नरडाण्याचं घर त्यांनी सोडलं. आता ते धुळ्यात राहतात, तिसऱ्या मजल्यावर. खाली दुसऱ्यांची घरं आहेत, फरशीतून त्यांच्या टीव्हीचा आवाज येतो. हितेंद्र पोटभर जेवतो, बोलतो. तिला आता सुलू म्हणतो. लोक म्हणतात, बाईने नवऱ्याला मरणातून ओढून आणलं. तीही नाही म्हणत नाही.

फक्त त्याच्या ओठाच्या त्या खुणेतून एक केस येतो. केसच म्हणायचा, पण तो पांढराही नाही आणि काळाही नाही, आरपार दिसतो. दाढी करताना तो निघत नाही. रविवारी सकाळी सुलक्षणा त्याला खिडकीशी उजेडात बसवते आणि स्वतः कात्रीने तो कापते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. पुढच्या रविवारपर्यंत तो बोटभर वाढलेला असतो.

आणि कापायला जावं तेव्हा तो केस कधी खाली लोंबत नसतो. ताणलेला असतो.