रुक्मिणीचा गाल

गिऱ्हाईक जुना फोटो टेबलावर ठेवतं आणि ठरलेली दोन वाक्यं बोलतं. "तेव्हा खूप गोऱ्या होत्या हो." आणि "जरा उजळ करा." बोरीवलीत कुलुपवाडीला जुने फोटो दुरुस्त करायचं माझं दुकान आहे, बारा वर्षं हेच ऐकतेय. यांची मेलेली माणसं एकजात गोरी. सावळी माणसं काय अमर असतात?

लोकांच्या आठवणीवर माझा काडीचा विश्वास नाही. जुन्या फोटोतला निळा आधी उडतो, लाल शेवटपर्यंत चिकटून राहतो, म्हणून चेहरे वीटकरी दिसतात. तो लाल कमी करायचा. मग रक्ताच्या नात्यातल्या जिवंत माणसाला खिडकीच्या उजेडात बसवायचं, फोटो काढायचा आणि त्याच्या गालाचा रंग उचलून मेलेल्याच्या चेहऱ्यावर चढवायचा. बस. लोक म्हणतात, माधुरीताई, तुमच्या हातात जादू आहे. डोंबलाची जादू!

श्रुतिका मंगळवारी आली. तिशीतली, बँकेत कामाला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिला जन्म देताना तिची आई रुक्मिणी रक्तस्राव होऊन गेली. मागे हा एकच फोटो, मालवणच्या एसटी स्टँडवर काढलेला, पार वीटकरी झालेला.

"मला ती गोरी-बिरी नको, ताई. होती तश्शी बघायचीय. एकदाच."

चला, एक तरी शहाणी निघाली, म्हटलं. तेवढ्यात तिचे डोळे भरून आले. सगळ्यांचेच येतात. मी फोटो लांब सरकवला, कागदाला पाणी चालत नाही.

तिचा गाल छान सावळा होता, तुकतुकीत. संध्याकाळपर्यंत रुक्मिणीचं काम उरकलं.

बुधवारी सकाळी फाईल उघडली तर रुक्मिणीचे ओठ ताजे दिसत होते. ओठांना मी हातही लावला नव्हता. स्क्रीन बिघडली असेल म्हणून तपासली. स्क्रीन ठीक होती.

दुपारी श्रुतिका आली, ती उतरलेल्या तोंडाने.

"जेवतेस ना गं?"

"जेवते की." ती तासभर स्क्रीनसमोरून हलली नाही. मग म्हणाली, "अजून थोडं जमेल? कानापाशी?"

हौसेला मोल नाही. मी पुन्हा तिला खिडकीत बसवलं.

गुरुवारी तिचे दोन्ही फोटो शेजारी लावले. मागची भिंत तीच, उजेड तोच, भिंतीचा पांढरा रंगही तोच. बुधवारचा गाल मात्र वीटकरी होता. त्यातला निळा उडाला होता.

रुक्मिणीवर केलेलं सगळं काम मी मागे घेतलं. साडी फिकी पडली, स्टँड वीटकरी झाला. तिचा चेहरा सावळा, तुकतुकीत तसाच राहिला.

फाईल पुसून टाकली. पुन्हा स्कॅन करावा म्हणून पाकिटातून मूळ फोटो काढला.

कागदावरही चेहरा तसाच होता.

श्रुतिकाला फोन केला. ती लगेच आली.

"हा घरी नेऊ नकोस," मी म्हणाले. "तुझा रंग हिच्यात जातोय."

बोलले आणि स्वतःचीच किळस आली. आमच्या घरात देवऋष्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, आणि मी ही अशी बडबडत होते.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आरसा आहे ना घरी. माझ्यापायी तिचं सगळं रक्त गेलं, ताई. घेऊ दे की तिला."

"वेड लागलंय का तुला? मरशील!"

तिने हात पुढे केला. मी फोटो सोडेना. तिने ओढला, तेव्हा तिची बोटं माझ्या हाताला लागली. गार होती, आणि नव्या प्रिंटसारखी गुळगुळीत.

"काही होत नाही हो," फोटो पर्समध्ये ठेवत ती म्हणाली. "फक्त कालपासून बँकेत हजेरीचा अंगठा लागत नाहीये. मी आपली दाबून धरते, आणि मशीन म्हणतं, बोट ठेवा."